पांढऱ्या साडीचा कुर्ता

नारपोलीत कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांना लागून असलेल्या एका चाळीत कलावतीबाई राहतात. बालवाडीतली मदतनिसाची नोकरी संपून आता त्या घरीच असतात. होळी झाली की डोक्यावरचा पत्रा तापायला लागतो आणि कलावतीबाई शिलाई मशीन दारात ओढतात. नवऱ्याच्या, म्हणजे यादवरावांच्या, जुन्या शर्टांच्या लांब बाह्या कापून आखूड करायच्या, नातवाच्या फुलपँटीच्या चड्ड्या करायच्या, हे त्यांचं दरवर्षीचं काम. उरलेल्या बाह्यांच्या पिशव्या होतात.

यंदा मात्र त्यांच्याच मानेवर आणि पाठीवर घामोळं उठलं. सून धम्मदिना म्हणाली, "आई, सगळ्यांचे कपडे हलके करता, तुम्ही तेवढ्या सहावारीत उकडता. माझा कुर्ता घालून बघा."

"तुझ्या कुर्त्यात माझा एक दंड मावेल," कलावतीबाई हसल्या. पण साडीशिवाय दुसरं काही त्यांनी लग्नानंतर कधी अंगाला लावलं नव्हतं, हेही खरंच होतं.

दुपारी त्यांनी पेटी उघडली. बुद्धपौर्णिमेला विहारात नेसायची त्यांची जुनी सुती साडी वर आली. पांढरी, निळ्या काठाची. पदर विरला होता, पण मधलं कापड धुऊन धुऊन अगदी मऊ झालं होतं. त्यांनी ती जमिनीवर पसरली, मापाला यादवरावांचा शर्ट ठेवला आणि कात्री चालवली.

संध्याकाळी कुर्ता तयार झाला. दार लोटून घालायला गेल्या, तर डोकं आत गेलं, हात वर गेले आणि तिथंच अडकले. ना वर, ना खाली.

"अहो! लवकर या इकडं!"

यादवराव आत आले. समोर दोन हात वर केलेलं पांढरं गाठोडं. "कोण आहे आत?" त्यांनी विचारलं.

"मी आहे! हसताय काय, शिवण उसवा!"

हसू आवरत त्यांनी काखेतली शिवण कापली. कलावतीबाई घामाघूम होऊन बाहेर आल्या आणि आरशात आपले विस्कटलेले केस बघून त्याही हसत सुटल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी काखेत चौकोनी तुकडे जोडले, निळा काठ गळ्याला लावला. आता कुर्ता छान बसला. धम्मदिनानं आपली सैल सलवार दिली.

बुद्धपौर्णिमेला त्या तोच कुर्ता घालून विहारात जायला निघाल्या. पण विहारात गुणाबाई असणार होत्या. वस्तीतल्या सगळ्यात वयस्कर, मूळच्या दिघाशी गावच्या, पोरींच्या ओढणीवरूनसुद्धा बोलणाऱ्या.

वंदना संपली आणि हाक आलीच. "कलावती, इकडं ये."

कलावतीबाई जवळ गेल्या. गुणाबाईंनी कुर्त्याचं टोक बोटांत धरून चोळलं. "ही तुझी ती निळ्या काठाची साडी ना?"

"होय."

"आतून वारं लागतं का?"

"लागतं की. पाठ अगदी मोकळी वाटते."

"मग एकटीच काय वारं खातेस? माझ्या दोन साड्या पडून हायत घरी."

आजूबाजूच्या बायका एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कुणाला बाही कोपरापर्यंत हवी, कुणाला गळा बंद हवा.

त्या आठवड्यात कलावतीबाईंच्या दारात जुन्या साड्यांचा ढीग लागला. शिवणकाम त्यांनी एकटीनं केलं नाही. शेजारच्या रीमानं उसवायचं घेतलं, धम्मदिनानं बटणं. माप सगळ्यांचं यादवरावांच्याच शर्टावर, काखेत तेवढे तुकडे जोडून.

गुणाबाई कुर्ता न्यायला आल्या तेव्हा उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "खिसा कुठं हाय?"

"बायकांच्या कुर्त्याला खिसा कशाला, आजी?" धम्मदिनानं विचारलं.

"का न्हाय? चष्मा काय डोक्यावर ठेवू?"

कलावतीबाईंनी त्यांना उजव्या बाजूला चांगला खोल खिसा लावून दिला. गुणाबाई आता भाजीला निघतात त्या खिशात हात घालून, आणि वाटेत भेटेल त्या बाईला थांबवून विचारतात, "तुझ्याला हाय का?"