मामाच्या गाठी
पाडव्याआधी गाठीवाल्याच्या कढईतून पाकाचा वास आला की मला आष्टीच्या मामाचं अंगण आठवतं. दरवर्षी घरातल्या सगळ्या पोरांच्या गळ्यात मामाच साखरेच्या गाठी घालायचा. त्याला एचआयव्ही झाल्याचं कळलं, त्या वर्षी पोरांना आत घेऊन दार लावलं गेलं. मी तेव्हा लसीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. निंबाखाली बसून त्यानं विचारलं, "याची लस काऊन नाई बनून राह्यली, बाई?" मी म्हटलं, "मामा, हा विषाणू आपल्याच शरीरातली साखर अंगावर चढवतो. अँटिबॉडींना तो घरचाच वाटतो, त्या त्याला सहसा अडवत नाहीत. साखरेसकट त्याला ओळखणाऱ्या फार थोड्या असतात, त्याच आम्ही शोधतोय." तो बंद दाराकडे पाहत राहिला. मग गाठी माझ्या ओंजळीत ठेवून म्हणाला, "तूच घाल पोरायच्या गळ्यात. मी आनल्या म्हून सांगू नको." आत पोरं गाठी कुडूमकुडूम खात होती आणि बाहेर तो ऐकत बसला होता. पुढच्या पाडव्याला मामा नव्हता. त्या दुर्मिळ अँटिबॉडी आता रोज माझ्या हाताखालून जातात, लस अजून झालेली नाही. पोरं मोठी झाली. त्या वर्षी गाठी ताईनं आणल्या होत्या, असं ती माझ्याकडे बघून अजूनही कौतुकानं सांगतात.