पुढच्या दातांची मागची बाजू

आमचे काका कवळ्या करतात. चाळीस वर्षांत अर्ध्या गावाचे जबडे त्यांच्या हाताखालून गेलेत. कामाच्या खोलीत तीन फळ्यांवर प्लास्टरचे साचे, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने नाव. त्यांची स्वतःची कवळीही त्यांनीच केलेली. बोलताना किंचित टकटकते.

गावात पाण्याचे पाइप टाकताना जमिनीतून सव्वीस जुने सांगाडे निघाले. खालची आळी म्हणाली, आमचे पूर्वज. वरची म्हणाली, आमचे. वरचे लोक मूळचे डोंगरापलीकडचे, अशी सगळ्यांचीच समजूत. काका खालचे. त्यांनी चौकात सांगून टाकलं, "दात बघून ओळखतो. आपलेच निघणार. शब्द देतो!"

हाडांच्या अभ्यासक बाई घरी आल्या. डोंगरापलीकडच्या काही समाजांत वरच्या जबड्यातल्या पुढच्या दातांची मागची बाजू फावड्यासारखी खोलगट असते, म्हणाल्या. तुलनेसाठी साचे हवेत.

"साचे कशाला? मी आहे की."

बाई हसल्या. चाळीस साचे घेऊन त्यांनी नावांवर कागद चिकटवले. काका दोन ढीग लावू लागले. "हा खालचा. हा वरचा. आणि हा तर पक्का वरचा! नुसता चमचा आहे."

कागद निघाले. चाळिसात एकोणीस चुकले होते. 'पक्का वरचा' उलटा करून बाईंनी नाव दोनदा वाचलं. काकूने तो हातातून घेतला.

"अहो, हे तर तुम्ही."

"काहीतरी घोटाळा केलास."

"अक्षर तुमचं, दात तुमचे, घोटाळा मात्र माझा!"

काकांनी साच्यातल्या आपल्या तरुणपणच्या दातांमागून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"मग त्या सव्वीस जणांचं काय?"

"शेकडो तोंडं पाहिली की कल कळतो," बाई म्हणाल्या. "एकट्या तोंडावरून आळी नाही कळत. लहानपणी कुठलं पाणी प्यायले, तेही दात कदाचित सांगतील. स्वतःला कोण म्हणवत होते, ते नाही सांगणार."

"म्हणजे त्यांनाच विचारायला पाहिजे होतं," काका म्हणाले.

संध्याकाळी न्हाव्याने चौकात हटकलं. "काय काका, आपलेच ना?"

काका थांबले. शब्द दिलेला होता. दुकानातली माणसं कान टवकारून होती.

"आधी तू तोंड उघड."

न्हाव्याने हसत आ वासला. काका वाकून, मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले.

"काय दिसतंय?"

"दोन दाढा किडल्यात," काका म्हणाले. "बाकी काही सांगता येत नाही."