सख्खे की दत्तक

मी दोन वर्षांची असताना आईबाबांनी मला अमरावतीच्या अनाथालयातून दत्तक घेतलं आणि अकोल्याला आणलं. धाकटे काका आमच्या चर्चमध्ये प्रार्थना चालवायचे. "देवानं आपल्याला दत्तक घेतलं, आपण त्याची लेकरं आणि वारस झालो," असं म्हणताना त्यांचा आवाज हमखास भरून यायचा.

गेल्या वर्षी बाबा वारले. कबरीत पहिली मूठ माती टाकायला मी वाकले, तेव्हा काकांनी माझा हात धरला. "थांब बाई. पहिली माती रक्ताच्या माणसानं टाकाची असते. माह्या पोराले टाकू दे."

मी मागे सरले. आई शेजारीच खुर्चीवर बसली होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि शांतपणे विचारलं, "तुमी देवाचे सख्खे का दत्तक, भाऊजी?"

पाळकांनी बायबलमधून मान वर केली नाही. काका बाजूला झाले. मी माती टाकली.

संध्याकाळी घरी भेटायला आलेल्यांना काकू सांगत होत्या, "पोरगी अगदी बापावर गेली हो." काकाही मान डोलावत होते.