मुलीकडची गादी

लग्नाचा हॉल बुक करायला नंदिनी नगराळे एकटीच गेली, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं, आणि विचारलं, "मॅडम, मोठं कोणी नाई आलं काय सोबत?"

घ्या! छत्तीस वर्षांची बाई. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत दोनशे माणसांच्या पाळ्या लावते, कोणी दांडी मारली तर त्याच्या घरी फोन करून त्याला झापते. आता याहून मोठं व्हायचं म्हणजे किती व्हायचं? पण ती तसं काही बोलली नाही. पटकन म्हणून गेली, "भाऊ येणार हाय माझा. सध्या कामात हाय."

झालं. एकदा जीभ वळली ती वळली. मंडपवाल्याला तेच सांगितलं, स्वयंपाकवाल्याला तेच, आणि विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी "मुलीकडून विधीले कोण उभं राहीन?" असं विचारल्यावर त्यांनाही तेच. सांगून सांगून तिचाही हळूहळू विश्वास बसत चालला होता.

भाऊ म्हणजे सौरव, तिच्याहून तीन वर्षांनी लहान. माय गेली तेव्हा तो सहावीत होता. त्याचे डबे, त्याचा अभ्यास, त्याचे लाड, सगळं नंदिनीनेच केलं. पुढे हैदराबादला नोकरी लागली, लग्न झालं, लेकरू झालं, तो तिकडचाच झाला. इकडे बाबांना लकवा मारला, आणि पाच वर्षं नंदिनी त्यांच्या खाटेशी बांधली गेली. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, आणि सौरवही काही वाईट पोरगा नव्हता. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

मग दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, सकाळी साडेसातला बाबा गेले. नागपूरचा मे काय असतो हे नागपूरकराला सांगायला नको. त्यात वस्तीतला ट्रान्सफॉर्मर आदल्या रात्रीच जळालेला, म्हणजे विजेवर चालणारी थंड पेटी आणूनही तिचा उपयोग नाही. सौरवने फोनवर रडत रडत सांगितलं, "ताई, मी निघून राहिलो. संध्याकाळी सहापर्यंत पोचतो. मी येईपर्यंत थांब." नंदिनी "हो" म्हणाली. आणि बारा वाजता वस्तीतली चार शहाणी माणसं दारात येऊन म्हणाली, पोरी, आता नाई ठेवता येत. तिने मान हलवली. घाटावर अग्नीही तिनेच दिला.

सौरव सहाला आला. घर धुऊन झालं होतं. तो उंबऱ्यातच उभा राहून एवढंच म्हणाला, "तू हो म्हणाली होती." त्यानंतर त्याचा रविवारचा फोन कधी आला नाही.

थांबायला हवं होतं का? नंदिनीला अजूनही समजत नाही. कधी वाटतं, कसं थांबणार होते मी? कधी वाटतं, अगं, थांबायचं होतंस, लोक काय बोलले असते ते बोलले असते. भांडी घासता घासता, गाडी चालवता चालवता ती स्वतःशीच हा खटला लढवते, आणि दर वेळी हरते.

बाकी नातेवाईक नव्हते असं नाही. रामटेकला मामा होते, वर्ध्याला काका होते. पण काका स्पष्टच म्हणाले, "सौरव येत असन तर आमी येतो. तोच नाई आला तर आमी येऊन काय कराव?" मामांनीही तीच री ओढली. म्हणजे सगळं येऊन अडलं ते सौरवपाशी. तो आला तर तिची सगळी माणसं येणार होती, आणि नाही आला तर कोणीच येणार नव्हतं.

आता लग्नातली सगळी कामं एकटीने करता येतात हो. हॉल होतो, जेवण होतं, पत्रिका होते. एकटीने होत नाही तो बस्ता. आमच्याकडे बस्ता म्हणजे नुसती कपड्यांची खरेदी नाही. दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी एकाच दुकानात जमतात, समोरासमोर गाद्यांवर बसतात. नवरीची साडी मुलाकडचे घेतात, नवरदेवाचे कपडे मुलीकडचे घेतात, आणि एकमेकांच्या माणसांसाठी मानाचे कपडे निघतात. निम्मा दिवस चालतं ते. रुसवे होतात, थट्टा होते, "हा रंग काय माह्या बहिणीले शोभते?" असे वाद होतात. खरी सोयरीक तिथेच जमते.

बस्ता रविवारी ठरला, गांधीबागेतल्या एका दुकानात. नंदिनीने सौरवला मेसेज टाकला, तारीख, वेळ, दुकानाचा पत्ता. दोन दिवसांनी उत्तर आलं, "पाहतो." एवढंच. पण ते वाचून ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि ओट्याला डोकं टेकून हसली. पाहतो म्हणजे नाही नव्हे ना! नाही म्हणायचं असतं तर नाहीच म्हणाला असता. दोन वर्षांनी त्याने तिला काहीतरी लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी तिने काकांना आणि मामांना कळवलं, सौरव येऊन राहिला. धम्मदीपलाही तेच सांगितलं.

धम्मदीप म्हणजे होणारा नवरा. कामठीच्या एका शाळेत खेळाचा मास्तर, उन्हात रापलेला, कमी बोलणारा. तो नुसता म्हणाला, "बरं झालं."

रविवारी कामठीहून दोन ऑटो भरून माणसं आली. अकरा जण. धम्मदीप, त्याची आई कौसल्याबाई, मोठेबाबा म्हणजे थोरले काका मनोहरराव, मावशी प्रेमलता, आणखी काकू, बहिणी, भाचे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर पांढऱ्या गाद्या अंथरलेल्या होत्या. अकरा जण एका बाजूला ऐसपैस बसले. समोरच्या गादीवर नंदिनी, एकटी. शेजारी तिने पर्स ठेवली, पलीकडे ओढणी ठेवली. जागा धरल्यासारखी.

काका-मामा आलेले नव्हते. दोघांनीही सकाळी फोन करून विचारलं होतं, "सौरव पोचला काय?" ती म्हणाली होती, पोचूनच राहिला. मग पोचल्यावर सांग, असं म्हणून दोघांनीही फोन ठेवले होते.

"आपके लोग आने दो, फिर साड्या खोलतो," शेठ म्हणाला. गांधीबागेतला शेठ, निम्मं हिंदी, निम्मं मराठी. "एकदा खोललं नं, मग पुन्हा दाखवाले त्रास होते."

चहा आला. चहा संपला. प्रेमलता मावशी थट्टेवर आल्या. "काहून वं नंदिनी, तुहा भाऊ हैदराबादहून पायी तं नाई निघाला ना?" सगळे हसले. नंदिनीही हसली. मनोहररावांनी घड्याळ पाहिलं. ते जुन्या वळणाचे, मानपानाला जपणारे. चिडले नाहीत, पण त्यांनी दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं ते नंदिनीने पाहिलं.

साडेअकरा वाजले. "पाहून येते, खाली रस्ता सापडला नसन," असं म्हणून ती उठली. जिन्यात, चपलांच्या ढिगाऱ्याशी उभी राहून तिने सौरवला फोन लावला. उचलणार नाही असं वाटत असतानाच त्याने उचलला.

मागे कुकरची शिट्टी वाजत होती. लेकरू कशासाठी तरी हट्ट करत होतं. तो घरीच होता. हैदराबादला, आपल्या घरी.

"तू निघालाच नाई का रे?" तिने विचारलं.

"मी येतो म्हटलं होतं काय ताई? पाहतो म्हटलं होतं."

"सगळे बसून हाय रे इथे. अकरा जण. मी एकटी हाय त्यांच्यापुढे."

त्याने लेकराला आत पाठवलं. मग म्हणाला, "मीबी एकटाच होतो ना त्या दिवशी. घाटावर गेलो, तर राख होती. सहा तास, ताई. सहाच तास थांबायचं होतं. ते तुह्याच्यानं झालं नाई. आता लग्नात मी तुह्या बाजूनं उभा राहू, हे माह्याच्यानं होत नाई."

त्याचा आवाज रागावलेला असता तर तिने भांडून घेतलं असतं. लहानपणी काय कमी भांडले होते दोघं! पण तो रडत होता. तिला म्हणावंसं वाटलं, सौरव, माझं चुकलं. तोंडात आलंही होतं. तेवढ्यात त्याच्या बाजूने कोणीतरी त्याला जेवायला हाक मारली आणि तो म्हणाला, "ठेवतो."

ती जिन्यात उभी राहिली. खालून गिऱ्हाइकं येत होती, घोळकेच्या घोळके, आया, मावश्या, कडेवरची पोरं. "जरा बाजूले व्हा नं ताई," असं म्हणत तिला ओलांडून वर जात होती. तिने डोळे पुसले आणि त्यांच्या मागोमाग वर गेली.

गादीवर बसली नाही, उभीच राहिली.

"माह्याकडून कोणी येणार नाई," ती म्हणाली. "आजबी नाई अन् लग्नालेबी नाई. भाऊ येणार नव्हता, मी खोटं सांगितलं तुमाले. सुरू करा."

मनोहररावांनी आधी घसा साफ केला. "म्हंजे... मुलीकडून उभं कोण राहीन मंग विधीले? कोणीतरी लागते नं बापा."

"भाऊजी, ते आज कायले?" कौसल्याबाई म्हणाल्या आणि नंदिनीचा हात धरून त्यांनी तिला खाली बसवलं. "मले माहीत होतं वं. साक्षगंधाच्या दिवशी तुह्या घरी मी पाह्यलं नं, पाव्हण्याइले ताटं तूच वाढून राहिली होती, अन् नवरीबी तूच होती. तवाच समजलं."

"मग बोलल्या काहून नाई?"

"तू सांगशीन म्हून थांबली. आपल्या घरचं उणं दुसऱ्यानं उघडं करू नाई."

धम्मदीप उठला आणि नंदिनीची पर्स उचलून तिच्या गादीवर येऊन बसला. प्रेमलता मावशी ओरडल्या, "अव माय, आतापासूनच तिकडे?" हसू पसरलं, शेठने सुटकेचा श्वास सोडला आणि धडाधड साड्या उलगडायला सुरुवात केली.

चांगली माणसं होती ती. नंदिनीलाही कळत होतं की चांगली आहेत, आपलं नशीब चांगलं आहे. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला जितकं एकटं वाटलं तितकं बाबा गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या भरल्या दुकानात तिच्या मायचा आवाज कसा होता हे सांगणारं कोणी नव्हतं. ती लहानपणी कोणत्या रंगासाठी हटून बसायची, पहिल्या पगारात तिने बाबांना काय घेतलं, हे माहीत असलेला एकच माणूस जगात उरला होता, आणि तो आत्ता हैदराबादला जेवायला बसला होता.

पांढरी साडी निवडली, बारीक निळ्या काठाची. कौसल्याबाईंनी तिच्या खांद्यावर टाकून पाहिली. सगळे म्हणाले, झकास. नवरदेवाचा पांढरा सूटही नंदिनीनेच पसंत केला. एका भाच्याने "नवरीच नवरदेवाले कपडे घेऊन राहिली" असं म्हणताच कौसल्याबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग मानाचे कपडे निघाले. मोठेबाबांचे, मावशीचे, काकूंचे. ढीग वाढत गेला. शेठ गाठोडं बांधायला लागला, तशी नंदिनी म्हणाली, "थांबा. माह्या भावाचे राहिले."

मनोहररावांनी मान वर केली. "तो तं येऊन नाई राहिला नं?"

"नाई येत. तरी मान त्याचाच हाय."

मग मनोहररावांनीच शेठला खूण केली, दाखवा म्हणून.

शेठने तयार शर्टांचे तीन-चार खोके उघडले. "साइज बोला मॅडम."

"अडतीस," नंदिनी लगेच म्हणाली. आणि थांबली. अडतीस कधीचं? तो नोकरीवर निघाला तेव्हाचं. ते शर्ट तिनेच घेतले होते, अकरा वर्षांपूर्वी. मधे लग्न झालं, बापपण आलं. पोट सुटलं असेल. की वाळला असेल? दोन वर्षांपूर्वी तो उंबऱ्यात उभा होता तेव्हा तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. नुसते त्याचे पाय पाहिले होते, धुळीने भरलेले. तिने सहावीपासून वाढवलेलं पोरगं, आणि आज ते अंगाने केवढं आहे हे तिला सांगता येईना.

"फोन करून पुछ लो ना भैया को," शेठ म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "शिवलेला नको. कापड द्या."

"कितना?"

"मले नाई माहीत, शेठ," नंदिनी म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना, सगळ्यांसमोर. "जास्तीचं द्या. केवढाही झाला असन, तरी पुरलं पाह्यजे."