टोमॅटोंनी भरलेली मिनीबस

आमच्या सल्त गावच्या चढावर, माझ्या शेजारच्या घरात फौजियाखाला राहते. तिचा नवरा नायफ मिनीबस चालवायचा. लग्न झाल्यापासून खालाचं एकच टुमणं, "मला समुद्र दाखवा."

"मृत समुद्र काय लांब आहे?" नायफ म्हणायचा.

"तो कसला समुद्र! ना लाट, ना मासा. नुसतं खारवणी."

अखेर हिवाळा सरता सरता नायफने सुट्टी काढली, बस धुतली, सीटांना नवी कव्हरं चढवली आणि दोघं समुद्रकाठच्या अकाब्याला निघाली.

साफी गावाच्या पुढे रस्त्याकडेला एक पिकअप बंद पडली होती. टोमॅटोच्या क्रेटांवर स्वतःची ओढणी पसरून एक बाई भर उन्हात उभी होती. नायफने वेग कमी केला नाही.

"अहो, थांबा!"

"येईल कुणीतरी मेकॅनिक."

"थांबा म्हणते ना!"

बाईचं नाव वदहा. विधवा, एकटीने शेत करणारी. ड्रायव्हर मेकॅनिक शोधायला गेला तो परतलाच नव्हता, आणि माल संध्याकाळच्या आत अम्मानच्या बाजारात पोचायला हवा होता.

"माझं राहू दे गं ताई," ती म्हणाली. "तुम्ही सणासारखी नटून निघालीयत."

"आमची बस रिकामी आहे," खाला म्हणाली.

"रिकामी?" नायफ ओरडला. "कव्हरं नवी आहेत! आणि अम्मान मागे राहिलं, फौजिया. मागे!"

"मग वळवा. चाकं गोल कशाला असतात?"

वाटेतलं करक येईपर्यंत नायफ आरशातून सीटांवरच्या क्रेटांकडे बघत कुरकुरत राहिला. मग वदहाने टोमॅटो चिरून, मीठ लावून त्याच्या हातावर ठेवला. "गोड आहे," तो गुरगुरला आणि दुसरा मागितला.

बाजार उठायच्या बेतात होता. चांगला माल गेला, चेंगरलेला उरला. वदहाला परतीची गाडी नव्हती, म्हणून खाला तिला माल आणि चिकट कव्हरांसकट घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी आम्ही अख्ख्या गल्लीतल्या बायका खालाच्या गच्चीवर टोमॅटो आटवत होतो.

पातेलं ढवळता ढवळता मी विचारलं, "खाला, समुद्र हुकला. वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की! बस वळली तेव्हा रडूच आलं. खिडकीकडे तोंड फिरवलं मी. पण तशीच पुढे गेले असते, तर ती उन्हातली बाई डोळ्यांपुढून हलली नसती बघ."

पुढच्या वर्षी दोघं वदहालाही घेऊन अकाब्याला गेली. पहिल्याच लाटेने खालाला गुडघ्यापर्यंत भिजवलं, आणि तिने सगळा राग नायफवर काढला.

आता वदहाची मुलगी सल्तमध्ये नर्सिंग शिकते आणि राहते खालाच्या घरी. तिला यायला जरा उशीर झाला, की नायफ दारात येरझाऱ्या घालतो, आणि ती दिसताच म्हणतो, "आलीस? मला काय, मी आपला हवा खात होतो."