अडलेल्या ओळी

माझी बायको नीरजा भोरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. स्वतःची चूक सापडली की तिला जेवण जात नाही. माझी सापडली तर दोन घास जास्तच जातात.

तिचं माहेर मार्गासनी. नदीला पाणी वाढलं की काठावरच्या पंपांच्या मोटारी वर ओढायची तिथं धांदल उडते. म्हणून तिनं वरच्या पुलाखाली पाणी मोजणारं यंत्र बसवलं. ते रोज पुसायचं काम पुलाशेजारी शेत असलेल्या हनुमंतदादांनी आपणहून घेतलं. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम यंत्राकडून मिनिटाला पाण्याच्या मापाची एक ओळ घेऊन दुसऱ्याकडे द्यायचा आणि तो दुसरा गावातल्या मोबाईलवर इशारा पाठवायचा.

श्रावणात एका दुपारी पाणी चढलं, चार मोटारी बुडाल्या. इशारा आला तीन तासांनी. दुसऱ्या दिवशी डेअरीवर रखमाजी सगळ्यांदेखत हनुमंतदादांवर उखडले. त्यांचीही मोटार गेली होती.

"यंतर पुसलंच न्हाई यानं!"

"म्या पुसलं व्हतं," दादा म्हणाले. कुणी ऐकलं नाही. नीरजानंही फोनवर त्यांना "नीट बघत जा" म्हणून सुनावलं.

रविवारी तिनं नोंदी उघडल्या. यंत्रानं मिनिटामिनिटाला पाणी बरोबर मोजलं होतं. ओळी अडल्या होत्या आमच्याच घरात. समोर पडदा असला की पहिला प्रोग्रॅम ओळ झाली की लगेच दाखवतो. पण दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायची असली की चारेक हजार अक्षरं साठेपर्यंत धरून ठेवतो आणि मग सगळं एकदम देतो. हेलपाटे वाचवायची त्याची रीत. नीरजानं तपासलं होतं ते पडद्यावर बघून. आता तिनं पहिल्या प्रोग्रॅमच्या आज्ञेच्या आधी 'स्टडबफ' हा साठवण बदलणारा शब्द आणि 'ओळ संपली की सोड' अशी खूण टाइप केली. ओळी लगेच पुढं जाऊ लागल्या. एका मिनिटाचं काम! ते बघून ती रडलीच.

"फोन करून सांग की," मी म्हणालो.

"बोल लागला चारचौघांत, आणि माफी फोनवर?"

सोमवारी सकाळी आम्ही मार्गासनीच्या डेअरीवर. दुधाच्या रांगेसमोर उभी राहून ती म्हणाली, "चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. दादांनी यंत्र पुसलं होतं. मीही त्यांना उगाच बोलले."

रखमाजी म्हणाले, "पोरी, गप ऱ्हायली असतीस तर आमाला काय कळनार व्हतं?"

"म्हणूनच आले."

"हनमा, चुकलं माजं. ये, पुढं लाव किटली."

हनुमंतदादा जागचे हलले नाहीत. "माजं जाऊ द्या," ते म्हणाले. "माज्या पोरीला, वैष्णवीला सांगा. पोरं तिला 'मोटारबुडव्याची' म्हनत्यात. चार दिस साळंला गेली न्हाई."

मला खाली बघावंसं वाटलं. नीरजा सरळ त्यांच्या घरी गेली, त्या दहा वर्षांच्या मुलीशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. वैष्णवीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग ह्ये साळंत कोन सांगनार?" तिनं विचारलं.

त्या दिवशी नीरजाचं कॉलेज बुडालं.