एकाच पत्त्यावरची माणसं

अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटा गावात मी नेमकं काय काम करतो, हे वडिलांना फोनवर समजावून सांगायला मला दोन रविवार लागले. ते कराडच्या एका छापखान्यात ट्रेडल मशीनवर होते. लग्नपत्रिका छापण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शिक्षण चौथी. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि ही गोष्ट मी आजही कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

पहिल्या रविवारी मी मार्केटिंग, ई-मेल असं काहीबाही सांगितलं, ते नुसते "हं, हं" करत राहिले. दुसऱ्या रविवारी म्हटलं, "बाबा, आम्ही एकच पत्र हजारो लोकांना पाठवतो. नाव यायचं तिथं मोकळी जागा ठेवतो. पत्र जाताना मशीन यादी बघतं आणि ज्याचं त्याचं नाव त्या जागेत भरतं."

"म्हणजे पत्रिकेवर 'श्री.'च्या पुढं टिंबटिंब असतात, ते."

"तेच."

"ते तर मी तीस वर्षं छापतोय. त्यासाठी अमेरिकेला कशाला गेलास?"

यावर उत्तर होतं, पण फोनचं कार्ड संपत आलं होतं. उत्तर असं, की आमची टिंबं लिंकमध्येही असायची. पत्राखाली एक बटण. त्यामागच्या पत्त्याच्या शेवटी ग्राहकाच्या नंबरासाठी जागा सोडलेली. पत्र निघताना प्रत्येकाच्या लिंकमध्ये त्याचा नंबर बसायचा, आणि बटण दाबलं की त्याचं पान उघडायचं. पासवर्ड नाही, काही नाही. माणसाला पासवर्ड विचारला की तो परत जातो, असं तेव्हा सगळे क्लायंट म्हणायचे. लिंक हीच किल्ली.

ही गोष्ट २००५ सालच्या वसंतातली. घरपोच औषधं पाठवणारी एक कंपनी आमची क्लायंट होती. औषध संपत आलं की ग्राहकाला मेल जायचा, बटण दाबलं की त्याच्या औषधांची यादी दिसायची. मी इकडचा लीड. मेल प्रत्यक्ष बांधायची ती पुण्याच्या ऑफिसातली एक मुलगी, कॉलेजातून बाहेर पडून वर्ष झालेलं. तिला दहादा सांगून झालं होतं की नावानं हाक मार, पण ती 'सर'वरून हलायची नाही.

मंगळवारी सकाळी तिनं चॅटवर विचारलं. आम्ही चॅटवर मराठीच बोलायचो, रोमन अक्षरांत.

"सर, यादीत बऱ्याच ठिकाणी एकाच ई-मेलवर दोन-दोन ग्राहक आहेत. नवरा-बायको वगैरे असतील. काय करू?"

"एका घराला एकच पत्रिका," मी लिहिलं. "पहिली नोंद घे, बाकीच्या काढ. वर नाव नको घालूस, नुसतं 'प्रिय ग्राहक' ठेव."

"पण सर, लिंकमध्ये पहिल्याचाच नंबर जाईल. दुसऱ्यानं उघडलं तर?"

"घरातलेच आहेत ना?"

मग तिनं लिहिलं, "या लोकांना बिनलिंकचं साधं पत्र पाठवायचं का? नाहीतर क्लायंटला विचारू?"

"विचारत बसलो तर मेल सोडायचा गुरुवार हातचा जाईल. कर तू."

"बरं सर."

गुरुवार मला जाऊ द्यायचा नव्हता, त्याला कारण होतं. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद मॅनेजरच्या टेबलावर होते. कंपनीच्या वतीनं तिची सही झाली की ते शुक्रवारी वकिलाकडे जाणार होते. व्हिसा सहाच वर्षांचा, आणि सहावं वर्ष दिसायला लागलं होतं. कागद वेळेत गेले तर मुदत वाढणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा. बायकोला सातवा महिना होता. त्या आठवड्यात मला सगळं सुरळीत व्हायला हवं होतं, बस.

आणि खरं सांगायचं तर प्रश्नात मला प्रश्न दिसलाच नव्हता. आमच्या घरी पत्र कोणाच्याही नावाचं असो, जो आधी उंबऱ्यात असेल तो फोडायचा. बहिणीचा बारावीचा निकाल शेजारच्या काकूंनी वाचून दाखवला होता. त्यात कोणाला काही वाटलं नव्हतं.

गुरुवारी दहाला मेल सुटायला लागले. एकदम सगळे सोडत नसू. दर पंधरा मिनिटांनी एक गठ्ठा. पहिला गेला, दुसरा गेला. मी कॉफी आणून आकडे बघत बसलो. दहा चोवीसला मॅनेजर माझ्या क्युबिकलपाशी आली.

पन्नाशीची बाई, जॉर्जियाचीच. मोठ्यानं हसायची, मोठ्यानं रागवायची. आज आवाज खाली होता.

"तो औषधांचा मेल मलाही आलाय," ती म्हणाली. आमच्या ऑफिसातल्या कितीतरी जणांची औषधं त्याच कंपनीकडून यायची.

"हो, दुसऱ्या गठ्ठ्यात गेला असेल," मी म्हणालो. मला वाटलं, मेलच्या रंगांबद्दल काही बोलणार.

"मी बटण दाबलं. माझं पान नाही उघडलं. माझ्या मुलीचं उघडलं. ती शाळेत होती तेव्हापासून तिच्या खात्यावर माझाच ई-मेल आहे." ती थांबली. "ती एकोणीस वर्षांची आहे. ते पान मी बघायला नको होतं."

कुठलं औषध, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मी घड्याळाकडे पाहिलं. दहा पंचवीस. पुढचा गठ्ठा साडेदहाला.

"माझ्या एकटीचंच झालंय, की सगळ्यांचं?" तिनं विचारलं.

"एका पत्त्यावर दोघं आहेत, त्यांचं सगळ्यांचं."

मेल थांबवायचा म्हणजे क्लायंटला कळणार, मग पैसे, मग करार. थांबवायचं तर तिनं सांगायचं, अशी पद्धत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. थांबवण्याचं बटण दाबलं. पडद्यावर 'थांबवलं' असं यायला सहा-सात सेकंद लागले.

ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "हे पुण्याकडून झालं ना? ती नवी मुलगी?"

पडद्यावर, बाजूच्याच खिडकीत, मंगळवारचं चॅट उघडं होतं. मुलीचा प्रश्न, माझं उत्तर, तिचा पुन्हा प्रश्न, माझं पुन्हा उत्तर. सगळं इंग्रजी अक्षरांत, मॅनेजरच्या नाकापासून हातभर अंतरावर. ती त्याच्याकडे बघतही होती. तिला त्यातलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं आणि अर्थ एकाही शब्दाचा लागत नव्हता. त्या सबंध मजल्यावर ते वाचू शकणारा मी एकटा.

"अकराला क्लायंटचा फोन आहे," ती म्हणाली. "त्यांना एक नाव द्यावं लागेल. मुलगी नवीन होती, आम्ही तिला कामावरून काढतोय, असं सांगितलं तर निभावेल. तू चांगलं काम केलंयस इथं. तुझ्यावर काही येऊ नये असं मला वाटतं."

हे ती माझ्या भल्यासाठी म्हणत होती. मला नुसतं "हो" म्हणायचं होतं. तेवढंही नाही, गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. तेवढ्यात चॅटच्या खिडकीत नवी ओळ उमटली. पुण्यात संध्याकाळचे आठ वाजत आले होते, तरी ती जागेवरच होती.

"सर, मेल थांबलाय. माझं काही चुकलं का?"

मॅनेजरनं विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"विचारतेय, तिचं काही चुकलं का."

"मग? चुकलं ना?"

मी खिडकी मोठी केली आणि मंगळवारच्या ओळी वर सरकवल्या. एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांचं इंग्रजी करत गेलो. 'एका घराला एकच पत्रिका' याचं इंग्रजी करताना ते इतकं खुळचट वाटलं की मला स्वतःचा राग आला. 'घरातलेच आहेत ना'पाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "हे परत सांग."

मी परत सांगितलं.

"म्हणजे तिनं तुला दोनदा विचारलं."

"दोनदा."

"आणि तू म्हणालास, घरचेच लोक आहेत."

"हो. आमच्याकडे..." मी बोलायला गेलो, आणि थांबलो. आमच्याकडचं तिला काय करायचं होतं? तिच्या मुलीचं पान उघडं पडलं होतं, ते इथं.

ती उठली. "अकराच्या फोनवर तू बोलशील. हेच सगळं सांगशील. आणि ते तुझे कागद... मी या आठवड्यात सही करणार नाही. आज मला करवणार नाही."

"समजलं," मी म्हणालो. तिच्या मागे जाऊन आणखी चार शब्द बोलावेत असं वाटलं. पदवी घेतली तेव्हा ठरवलं होतं, कोणापुढं हात पसरायचे नाहीत. बसून राहिलो.

अकराला बोललो. क्लायंटच्या बाजूला तिघं होते, त्यातला एक मला मध्येच तोडून ओरडला. मी त्याचं ओरडणं संपू दिलं आणि पुढचं वाक्य सांगितलं. गेलेल्या सगळ्या लिंक दुपारपर्यंत बंद पाडल्या. ज्यांनी तोवर बटण दाबलं होतं त्यांची यादी निघाली. ती फार मोठी नव्हती, पण प्रत्येक ओळीत एका पत्त्यापुढं दोन नावं होती. त्यातल्या कोणाच्या स्वयंपाकघरात आज काय बोलणं झालं असेल, हे मला कधी कळणार नव्हतं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "तिनं सही नाही केली तर?"

"तर बाळाला घेऊन कराड."

"कराडला आईंना सांगू नकोस इतक्यात," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला फोन लावला. मुलगी आधीच रडून घेतल्यासारखी बोलत होती. "सर, मी अजून जोरात सांगायला हवं होतं."

"तू सांगितलंस. मी ऐकलं नाही. आता एक कर. इथून पुढं शंका आली तर सरळ थांबवायचं. मला विचारायचं नाही."

"तुम्हाला न विचारता? सर, असं कसं..."

"असंच."

सही झाली, पण सात आठवड्यांनी. कागद मुदतीच्या आत कसेबसे पोचले. मॅनेजर फाईल माझ्या टेबलावर ठेवून निघून गेली. आमच्यात तेवढ्यापुरतं बरं होतं. पूर्वीसारखं मोठ्यानं हसणं मात्र माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

आणि सहीच्या आधीच, पुण्याच्या त्या फोननंतर दोन आठवड्यांनी, त्या मुलीनं खरंच एक मेल थांबवला. बागेच्या सामानाच्या दुकानाचा. ऐन सोमवारी सकाळी, शंका अगदीच क्षुल्लक, शेवटी सगळं बरोबरच निघालं. क्लायंट अर्धा तास तापला होता. मी त्याचा फोन घेतला आणि म्हणालो, "मी थांबवायला सांगितलं होतं."